तोल्गोनायची कंबर

बिश्केकमधल्या तीन मैत्रिणींचा मोबाइलवर एक ग्रुप होता आणि त्याचं नाव होतं ‘शनिवार’. जिबेक पार्लरमध्ये केस कापायची, तोल्गोनाय कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसायची आणि बेर्मेत औषधांच्या दुकानात होती. शाळेपासूनची मैत्री. सोमवार उजाडला की ग्रुपवर शनिवारचे बेत सुरू व्हायचे. डोंगरात जाऊ, घोड्यावर बसू, तळ्याकाठी तळलेले मासे खाऊ. कुणी कुठले बूट घालायचे इथपर्यंत ठरायचं. मधेच तोल्गोनायच्या मुकादमाची नक्कल, मधेच जिबेकच्या गिऱ्हाइकांनी हट्टानं करून घेतलेल्या भयानक केसांचे फोटो. आणि शुक्रवारी सगळं बारगळायचं.

बारगळायचं ते बहुतेक वेळा बेर्मेतमुळे. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं आणि सासरचा गोतावळा असा की दर शनिवारी कुणाचं तरी लग्न, नाहीतर बारसं. नव्या सुनेनं डोक्याला रुमाल बांधून चहाच्या किटलीशी बसायचं आणि येईल त्याची चहाची वाटी भरायची, हे ठरलेलं.

ऑक्टोबरातल्या त्या आठवड्यात मात्र जिबेकनं भावाची गाडी मिळवली. इसिक-आताच्या गरम पाण्याच्या तलावात जायचं, या वेळी कुणी नाही म्हणायचं नाही, असं तिनं बजावलं. नेमकं त्याच शनिवारी नवऱ्याच्या बुबुसारा आत्यानं बेर्मेतला गालिचे धुवायला बोलावलं होतं. एरवी ती मुकाट्यानं गेली असती. पण गालिचे म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर आत्याचं घर आलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचेच गालिचे, आणि तिनं धीर करून सासूला, शारिपा आपांना, सांगितलं की तोल्गोनायची कंबर धरली आहे, तिला उठवतही नाही, शनिवारी तिच्याजवळ थांबावं लागेल. आपा बरं म्हणाल्या. बेर्मेत स्वयंपाकघरात आली आणि आनंदाच्या भरात तिनं ग्रुपवर लिहिलं:

“आपांना पटलं. तोल्गोनायची कंबर धरलीय. सकाळी कोपऱ्यावर उभी राहते, हॉर्न वाजवू नका. तोल्गोनाय, कुणाचा फोन आला तर कण्हायला विसरू नकोस. पोहायचे कपडे आणा.”

ते ‘शनिवार’वर गेलं नाही. ते सासरच्या ग्रुपवर गेलं. तिथे मॉस्कोतल्या काकांपासून ओशमधल्या चुलत आजीपर्यंत सगळे होते.

बेर्मेत निरोप पुसायला गेली आणि घाईत ‘फक्त माझ्यासाठी’वर बोट पडलं. म्हणजे तिच्या एकटीच्या फोनमधून निरोप गेला आणि बाकी सगळ्यांच्या फोनमध्ये तसाच राहिला. मॉस्कोतल्या काकांनी नीट वाचलं नसावं. त्यांनी कंबरेला उंटाच्या लोकरीचा पट्टा बांधायला सांगितला. चुलत आजीनं दुआ मागणारे हात पाठवले. पलीकडच्या खोलीत बसलेल्या नवऱ्यानं, एर्मेकनं, नुसता अंगठा टाकला. मग फोनवर दिसू लागलं की शारिपा आपा लिहीत आहेत. त्या बराच वेळ लिहीत होत्या. भिंतीपलीकडून त्यांचं खोकणंही ऐकू येत होतं.

शेवटी निरोप आला: “कंबरेला गरम पाण्यासारखं औषध नाही. मी पण येते. बोर्सोक तळू ना?”

बेर्मेतनं हे ‘शनिवार’वर कळवलं, तेव्हा जिबेकनं उत्तरादाखल फक्त स्वतःचं हसणं रेकॉर्ड करून पाठवलं. तोल्गोनाय मात्र भडकली. तिचं म्हणणं, तुमची थापेबाजी आणि मी दिवसभर वाकून चालू का? आपांना सगळं माहीत आहे, असं बेर्मेत म्हणाली. मग नाटक कशाला, असं तोल्गोनायनं विचारलं. त्यावर आत्यानं नीट वाचलंय की नाही ते कळत नाही, असं सांगावं लागलं. एकंदरीत तोल्गोनाय आजारीच राहिली.

शनिवारी सकाळी आपा ऊन ऊन बोर्सोकची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, पिशवी, चहाचा थर्मास आणि खरोखरच उंटाच्या लोकरीचा एक पट्टा घेऊन कोपऱ्यावर हजर. रात्रीपासून त्या बेर्मेतशी जेवढ्यास तेवढं बोलल्या होत्या. गाडीतही मागच्या सीटवर गप्पच होत्या. जिबेकनं दोन-तीनदा हवापाण्याचा विषय काढून पाहिला. बेर्मेतला वाटलं, तलाव येईपर्यंत आपला जीव जातो.

तलावावर वाफ दाटली होती. वर डोंगरांना नवा बर्फ लागलेला, आणि पाणी असं ऊन की अंगाला चटका बसावा. आपा कपडे बदलून आल्या तेव्हा तिघी बघतच राहिल्या. त्यांच्या अंगात निळ्यावर पांढरे ठिपके असलेला, कॉलेजात असताना घेतलेला पोहायचा पोशाख होता आणि तो अजून बसत होता. त्या पायरीवर थांबल्या नाहीत. सरळ उडी मारली, आणि सगळ्यांच्या तोंडावर पाणी.

तेवढ्यात काठावरच्या पिशवीत बेर्मेतचा फोन वाजला. बुबुसारा आत्या, व्हिडिओवर. आपांनी हात पुसून फोन उचलला.

“ही बघ बिचारी,” त्या म्हणाल्या आणि फोन तोल्गोनायकडे वळवला. “आताच उतरवलं पाण्यात. बोलवतही नाही तिला.”

तोल्गोनाय कण्हली. जीव ओतून कण्हली, इतकी की तलावाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली एक धिप्पाड बाई पाणी कापत आली. आपण मालीश करणाऱ्या आहोत, असल्या कमरा शेकड्यांनी सरळ केल्या आहेत, असं सांगून तिनं उत्तराची वाट न पाहता तोल्गोनायला मागून धरलं, उचललं आणि एक हिसका दिला. कट्ट असा आवाज झाला. तोल्गोनाय किंचाळली, ते मात्र खरंखुरं.

तोल्गोनायनं हळूच मान वळवली, खांदे फिरवले, कमरेत डावीकडे-उजवीकडे वळून पाहिलं.

“अगं, खरंच मोकळं झालं,” ती म्हणाली. “मशीनवर बसून बसून दुखायचंच की.”

जिबेक हसता हसता पाण्याखाली गेली. तिला वर ओढायला बेर्मेत गेली आणि तीही गेली. हसू दाबून आपांचे गाल लाल झाले होते. आत्यानं पलीकडून विचारलं की ही बाई गुडघेही बघते का. बघते, असं कळल्यावर ती म्हणाली की पुढच्या शनिवारी गालिचे राहू देत, मलाही न्या.

मग दुपारपर्यंत कुणी कुणाचं ऐकेना. आपांनी तिघींशी शर्यत लावली आणि त्यांना हरवलं. पाठीवर तरंगत त्यांनी कॉलेजातल्या एका मास्तरांची अशी नक्कल केली की शेजारची अनोळखी पोरंही जवळ सरकली. काठावर बसून सगळ्यांनी बोर्सोक मधात बुडवून खाल्ले. मालीशवाल्या बाईनं सगळ्यांहून जास्त.

जिबेक आणि तोल्गोनाय पुन्हा पाण्यात उतरल्या, तेव्हा बेर्मेत आपांच्या शेजारी बसून राहिली. विचारू की नको करत शेवटी तिनं विचारलं, “आपा, तुम्ही रागावलात ना माझ्यावर?”

“रागावले होते. पीठ मळून होईपर्यंत.” आपांनी ओले केस पिळले. “मग वाटलं, तीस वर्षं मी लोकांच्या वाट्या भरतेय. माझ्यासाठी कधी कुणी थाप मारली नाही. मलाही सुचली नाही.”

बेर्मेतनं आपला टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला.

“पण हे बघ बाळा,” आपा म्हणाल्या, “थाप मारायची तर पाठवण्याआधी ग्रुपचं नाव वाचावं.”

परतताना आपा पुढे बसल्या. गाडी जपानहून आलेली, स्टिअरिंग उजवीकडे, आणि इथे रस्त्याच्या उजव्या अंगानं जायचं. त्यामुळे पुढच्या वाहनाला मागे टाकताना समोरचं दिसतं ते शेजारच्यालाच. कझाकी नंबराचा, गवत लादलेला एक ट्रक रखडत चालला होता. आपांनी काचेला नाक लावलं. थांब म्हणाल्या, थांब म्हणाल्या, आणि मग “आता जा” म्हणाल्या. जिबेकनं गाडी काढली. ट्रकवाल्याला आपांनी राणीसारखा हात केला. त्यानंतर त्यांना अशी चटक लागली की पुढे काहीच नसतानाही त्या जा जा म्हणू लागल्या.

गावाबाहेर वळणावर मात्र थांबावंच लागलं. डोंगरावरून खाली उतरणारा मेंढ्यांचा कळप रस्ताभर पसरला होता आणि बघता बघता गाडी त्यात बुडाली. चौघींच्या ओल्या केसांनी काचा धुरकटल्या होत्या. तोल्गोनायनं काच पुसली, तर बाहेरून एक मेंढी आत डोकावत होती. जिबेकनं इंजिन बंद केलं. आपांनी गाणं सुरू केलं, त्यांना पहिलं कडवंच येत होतं, म्हणून सगळ्यांनी तेच पुन्हा पुन्हा म्हटलं. कळप काही संपत नव्हता.