उघड्या पायऱ्या, बुडालेल्या पायऱ्या

जरा माझ्याबरोबर डोळ्यांसमोर आणा. टाकवे बुद्रुकच्या खालच्या वाडीपाशी ओढ्यावर एक ठेंगणा साकव, म्हणजे छोटा पूल आहे आणि त्याला लागून बारा पायऱ्यांचा घाट. सकाळी बायका धुणं घेऊन येतात आणि पाण्याबाहेर किती पायऱ्या उघड्या आहेत ते मोजतात, म्हणजे बसायला जागा किती ते कळतं. तीन किंवा त्याहून कमी उरल्या, की साकवावर पाणी चढलं असं वाडी समजते.

याच मोजणीवर यशोधराताईंनी मोबाईलसाठी एक प्रोग्राम लिहिला. घाटावरच्या रतनबाई रोज आकडा टाकत, आणि साकव खुला की बंद हे सगळ्यांना घरबसल्या कळे. ताई लोणावळ्यात नोकरी करत आणि सुट्टीच्या दिवशी हा प्रोग्राम सांभाळत. तो त्यांनी इंटरनेटवर सर्वांसाठी मोकळा ठेवला होता. कुणीही तो वाचावा, बदल सुचवावा. बदल आत घ्यायचा की नाही, हे मात्र ताई ठरवत. नियम एकच: आधी कुणीतरी टाकव्याच्या घाटावर उभं राहून बदल चालवून बघायचा आणि खाली आपलं नाव लिहायचं. सुरुवातीला चारपाच जण जायचे. पुढे नाव लिहिणाऱ्या एकट्या ताईच उरल्या.

कुसगावच्या गौरवला हा प्रोग्राम त्याच्या ओढ्यासाठी हवा होता. त्यांच्याकडे बुडालेल्या पायऱ्या मोजतात. त्यानं तसा बदल करून पाठवला, आणि कुसगावात तो बरोबर चालला. टाकव्याला जाऊन कोण बघेल, असं ताईंनी ग्रुपवर विचारलं. महिनाभर कुणी गेलं नाही, ताईंनाही जाणं जमलं नाही. होकाराचे अंगठे मात्र पडत राहिले, एकूण पंधरा. त्यातला एक सातवीतल्या अमृताचा, ताईंच्या भाचीचा. सगळे दाबत होते, म्हणून तिनंही दाबला.

"ताई, तुम्ही टोलनाक्यावर बसलाय का?" गौरवनं लिहिलं. "मोकळा म्हणता आणि दांडा खालीच ठेवता."

ग्रुपवर हसण्याची रांग लागली. महिनाभर हेच ऐकून ताई थकल्या होत्या. त्यांनी बदल आत घेतला.

दुसऱ्या सकाळी रतनबाईंनी नेहमीसारखं मोजून दोन हा आकडा टाकला. दोनच पायऱ्या उघड्या होत्या. प्रोग्रामनं मानलं, दोनच बुडाल्या आहेत. त्यानं वाडीला कळवलं, साकव खुला. वाडीतले दत्तोबा दुधाचे कॅन घेऊन मोटरसायकलवर निघाले. पाणी त्यांना दिसत होतं, पण खुला म्हणतायत म्हणजे घोट्याएवढं असेल, असं त्यांनी धरलं. साकवावर पाण्यानं त्यांना गाडीसकट लोटलं. लोकांनी दोर टाकून त्यांना ओढून काढलं. गाडी वाहून गेली, आणि पाय दोन ठिकाणी मोडला.

ताई भेटायला गेल्या, तेव्हा दत्तोबांनी मान वळवली. "बाई, तुमच्या भरवशावर गेलतो," ते म्हणाले. "माजे डोळे काय फुटले न्हवते."

गौरवनं ग्रुपवर लिहिलं, की बदल त्यानं पाठवला खरा, पण आत ताईंनी घेतला. ते खरंच होतं. पंधरांपैकी कुणी एक शब्द लिहिला नाही. दुपारपर्यंत नऊ जणांनी आपले अंगठे काढूनही घेतले.

ताईंनी बदल मागे घेतला आणि खाली लिहिलं, "चूक माझी. नियम मी मोडला. आता मी थांबते, दुसऱ्या कुणी सांभाळावं." आठ दिवस गेले. पुढे कुणी आलं नाही. प्रोग्राम चालू होता, पण त्याच्याकडे बघणारं कुणी नव्हतं. रतनबाईंनी आकडा टाकणं सोडून दिलं.

"आत्या, मीपण अंगठा दिला होता," अमृता एक दिवस म्हणाली.

"माहीत आहे," ताई म्हणाल्या. "पंधराही नावं मला पाठ आहेत."

आणि त्या कपड्यांच्या घड्या करत राहिल्या.

रविवारी अमृता वडिलांना घेऊन टाकव्याला गेली. घाटावर रतनबाईंच्या शेजारी उभी राहिली आणि त्यांच्याच पद्धतीनं मोजलं. आकडा टाकला, मोबाईलवर आलेलं उत्तर बघितलं, मग साकवापर्यंत चालत जाऊन तो खरंच कोरडा आहे का तेही बघितलं. आत्याच्या ओळीखाली तिनं लिहिलं, "मी न बघता हो म्हटलं होतं. आज उघड्या पायऱ्या सात. साकव खुला. घाटावर उभं राहून बघितलं." आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं.