पर्सच्या पोटातली लुगडी

वैजयंतीच्या फ्लॅटला तीन खोल्या, आणि त्यातली एक कायम कुलपात. बाईनं स्वतःच्याच घरात खोलीला कुलूप घालावं म्हणजे आत सोनंनाणं तरी असावं, नाहीतर पाप तरी. सोनंनाणं नव्हतं. आत पर्सा होत्या. साठ-बासष्ट असतील, नेमका आकडा तिनं स्वतःलासुद्धा कधी कळू दिला नव्हता.

खोली खरं तर मुलाची, अजिंक्यची. तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि महिन्याभरात त्याच्या पुस्तकांच्या फळ्यांवर पर्सा येऊन बसल्या. मग कपाटात, मग पलंगाच्या पेटीत. दिवाळीला पोरगं घरी आलं तर त्याला झोपायला हॉलमधला सोफा. "माझी खोली गं?" त्यानं विचारलं. "अरे, बोर्डाचे पेपर आहेत आत. सील आहे." वैजयंती ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची, त्यामुळं हे खपून जायचं. पण दिवाळीत कसले आलेत हो बोर्डाचे पेपर! बारावीच्या परीक्षा फेब्रुवारीत. पोरानं आईकडं एकदा पाहिलं, "बरं" म्हणाला आणि उशी घेऊन सोफ्यावर गेला. ते "बरं" तिला लागलं, पण कुलूप काही निघालं नाही.

नवरा अभिमन्यू टेंभुर्णीच्या साखर कारखान्यात नोकरीला, शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटे जायचा. त्याला खोलीत काय आहे ते ठाऊक होतं, किती आहे ते नव्हतं. नवी पर्स दिसली की वैजयंती म्हणायची, "जुनीच आहे हो, तुमचं लक्ष कुठं असतं!" तोही बिचारा ओशाळायचा.

हे खूळ कुठून लागलं, तर पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला ती सर्टिफिकिटं साडीच्या दुकानातल्या पिशवीत घालून गेली होती. दारातला शिपाई पिशवीकडं बघून म्हणाला, "भाजी बाहेर ठेवा, मॅडम." रांगेतल्या मुली हसल्या. वीस वर्षं झाली त्याला. शिपाई रिटायर झाला, त्या मुली आज्या व्हायला आल्या, पण हिच्या मनातून ते हसू जाईना. आता हिनं घेतलेल्या पर्सा कुणी बघितल्या असत्या तर एक गोष्ट होती. निम्म्यांची लेबलं निघाली नव्हती. कॉलेजला ती एकच काळी पर्स न्यायची, चेन बिघडलेली. नवीन नेली आणि कुणी किंमत विचारली तर? हौसेला मोल नाही म्हणतात. हिच्या हौसेला तोंडही नव्हतं.

पण निगा ठेवायची तर तिनंच. सोलापूरचं ऊन म्हणजे काय सांगावं! एप्रिल लागला की रेक्झिनचे पापुद्रे निघतात, दोन पर्सा एकमेकींना चिकटून बसतात. तिनं मोबाईलवर व्हिडिओ बघून सगळं शिकून घेतलं होतं. पट्ट्याला धरून टांगायची नाही, पट्टा ताणतो. साखळी कागदात गुंडाळायची, नाहीतर चामड्यावर वळ उठतात. प्रत्येकीला जुन्या उशीच्या अभ्र्याची खोळ. आणि मुख्य म्हणजे पोटात काहीतरी भरायचं, रिकामी राहिली की पर्स मोडून बसते, घडी पडली की गेली. वर्तमानपत्र चालत नाही, शाई लागते. "जुनं, मऊ, सुती कापड सगळ्यात उत्तम," व्हिडिओतली बाई म्हणाली होती.

आणि पलंगाच्या पेटीत जुन्या, मऊ, सुती कापडाचं एक अख्खं गाठोडं होतं.

ते गाठोडं सासूबाईंचं, राजाबाईंचं. त्या सांगोल्याकडं गावात राहायच्या. दहा-बारा शेळ्या, दोन एकर डाळिंब. दोन वर्षांपूर्वी घराला स्लॅब टाकायचं काम निघालं तेव्हा गाठोडं त्यांनी एस.टी.तून मांडीवर धरून आणलं. "गावाकडं उंदीर हायती. तुज्याकडं ऱ्हाऊ दे. लागंल तवा मागीन." बस, एवढंच बोलल्या. वैजयंतीनं ते उघडून बघितलं तर इरकली लुगडी, विरलेली, धुऊन धुऊन रंग गेलेली. हात फिरवला तर लोण्यासारखी मऊ.

मागच्या उन्हाळ्यात तिनं कात्री घेतली. कामवाली रत्नम्मा समोर बसली होती. ती विडी घरकुलातून, विडी कामगारांच्या वसाहतीतून यायची. आठ वर्षं झाली होती तिला या घरात. दर शनिवारी पर्सा पुसायचं कामही तिचंच, त्या खोलीत शिरायची परवानगी असलेली ती एकटीच. पहिलं लुगडं हातात घेऊन रत्नम्मा म्हणाली, "ताई, हे गावच्या आजीचं की ओ. विचारलं काय त्यांना?"

"चिंध्या आहेत गं नुसत्या. त्यांना आठवतसुद्धा नसेल."

 वैजयंती कापत गेली, रत्नम्मा बोळे करत गेली. सात लुगडी दुपारभरात पर्सांच्या पोटात गेली. पर्सा कशा टमटमीत दिसायला लागल्या! वैजयंतीनं फोटोसुद्धा काढला. दाखवायचा कुणाला, हा प्रश्न वेगळा.

यंदा मे महिन्यात, शनिवारी अकरा-साडेअकराला, न कळवता राजाबाई दारात. हातात डाळिंबांची पिशवी, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"वैजू, सोनालीला सातवा लागला."

सोनाली म्हणजे अभिमन्यूची धाकटी बहीण. लग्नाला नऊ वर्षं झालेली. दोनदा आशा लागून गेलेली. सातवा लागेपर्यंत म्हातारीनं कुणाला सांगितलं नव्हतं, लेकीच्या भावालासुद्धा नाही. वैजयंतीला खरंच आनंद झाला. तिनं आत्यांना, सासूला ती आत्याच म्हणायची, पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. राजाबाईंनी पाणी प्यायलं आणि कमरेच्या पिशवीतून सुई आणि दोऱ्याचं रीळ काढून पुढं ठेवलं.

"आता माजं गाठोडं दे. वाकळ शिवाया घ्यायची. हितंच शिवती, तुज्याकडं गार हाय."

वैजयंतीनं रिकामा पेला उचलला.

"वाकळ?"

"लेकराला. आगं, म्हातारं हून मेलेल्या बायांची लुगडी हायती ती. माजी आई, माजी सासू, थोरली जाऊ. नव्वदीच्या फुडं गेल्या समद्या. त्यांच्या अंगचं कापड अंगाला लागलं की लेकरू टिकतं. पयल्यांदा गेलं तवा मी नवी दुपटी घेतली हुती दुकानातनं. दुसऱ्यांदा बी." राजाबाईंनी सुई हातात घेतली. "तवाच म्हनलं, फुडच्याला न्हाय. सात घरं फिरून मागून आनलीत, वैजू."

आता बोलायची वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं: आत्या, माझी चूक झाली. पण त्या वाक्यामागून कुलूप निघणार होतं, कुलपामागून खोली, आणि खोलीमागून साठ-बासष्ट पर्सा, लेबलांसकट. या बाईसमोर, जी पाच वर्षं एकाच चपलेला टाके घालून वापरते! वैजयंतीची जीभ वळली ती भलतीकडंच.

"आत्या, कसं सांगू... रत्नम्मानं ती बोहारणीला दिली हो. भांड्यांवर. मी कॉलेजला होते, तिला वाटलं जुनी आहेत."

बोलून झालं आणि तिची तिलाच शिसारी आल्यासारखं झालं. पण तोंडातून गेलेला शब्द, तो का परत येतोय?  राजाबाईंनी सुई पुन्हा रिळात खोचली, आणि मग पदरानं डोळे पुसले.

तेवढ्यात बेल वाजली. रत्नम्मा. वैजयंतीनं मनात म्हटलं, मेले. दारातच गाठून सांगावं म्हणून ती उठली, पण राजाबाईंनी आधीच हाक मारली होती.

"रत्ना, बाय, ती लुगडी तू बोहारनीला दिलीस व्हय?"

रत्नम्मानं चप्पल काढता काढता वर बघितलं. आधी राजाबाईंकडं, मग वैजयंतीकडं. वैजयंतीनं मान खाली घातली. पुढं सगळं उघडं पडणार म्हणून तिचे कान तापले.

"हो आजी," रत्नम्मा म्हणाली. "मीच दिली. चुकलं माझं."

झालं! सुटले! हाच पहिला विचार आला वैजयंतीला, आणि त्याची लाज तिला पुढं जन्मभर वाटणार होती. रत्नम्मानं का म्हटलं असेल, हे मनात यायच्याही आधी तिनं सुटकेचा श्वास सोडला होता.

"असू दे, असू दे," राजाबाई म्हणाल्या. "तुला काय म्हाईत. माजंच चुकलं, चिठ्ठी लावून ठिवाया पायजे हुती." मग वैजयंतीकडं वळून, "तू हिला कायबी बोलू नगंस बरं का. कष्टाची बाय हाय."

"नाही बोलणार, आत्या," वैजयंती म्हणाली. म्हणाली हो ती! वर मनाचा मोठेपणा मिरवून घेतला.

राजाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "ती बोहारीन कुटं बसती, रत्ना? जुन्या बाजारात आसंल. चल माज्यासंगं. पाया पडून मागून आनू. इकली नसतील आजून."

बाहेर दुपारचे बारा, डांबर पाघळत होतं. राजाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. आणि रत्नम्मा, नसलेल्या बोहारणीला शोधायला, नुसती म्हणाली, "चला आजी," आणि चपला पायात सरकवल्या. ती कुठं नेणार होती म्हातारीला? कुठवर फिरवणार होती? वैजयंती दारात उभी. दोघी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पोचल्या, राजाबाईंनी कठडा धरला, आणि तिला ते बघवेना.

"थांबा, आत्या. बोहारीण नाही. लुगडी घरातच आहेत. रत्नम्मानं काही केलेलं नाही."

तिनं किल्ली आणली, कुलूप काढलं. राजाबाई उंबऱ्यावरच थबकल्या.

"आगं, बोर्डाचं पेपर हायती न्हवं हितं? मी गावात समद्यास्नी सांगितलंय, आमच्या सुनंच्या घरात सरकारी पेपर आसत्यात म्हनून. मी तर कदी दाराला हात बी लावला न्हाय."

वैजयंतीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण तिसऱ्या मजल्यावर जमीन तरी कुठली. ती खाली बसली आणि पर्सा उपड्या करायला लागली. लाल, तपकिरी, मोत्यांची, लग्नात मिरवायची, मगरीच्या चामड्यासारखी दिसणारी. प्रत्येकीतून एकेक बोळा पडत गेला. राजाबाई भिंतीला टेकून बघत होत्या. पंधरा झाल्या, वीस झाल्या, तरी संपेनात. तीसच्या पुढं वैजयंती रडायलाच लागली, पण हात थांबवायची सोय नव्हती, कारण अजून तेवढ्याच राहिल्या होत्या.

शेवटी खोलीभर तुकडे झाले. राजाबाईंनी एक उचलला, मांडीवर ठेवून हातानं सरळ केला. काठाला एक भोक होतं, चुलीतल्या ठिणगीचं.

"ह्ये आईचं," एवढंच म्हणाल्या.

"आत्या, वाकळ तुकड्यांचीच असते ना? जोडता येईल. मी बसते तुमच्याबरोबर. सुट्टीच आहे मला."

"येतंय की. कापाड काय, म्या बी फाडनारच हुते आज." राजाबाईंनी दुसरा तुकडा घेतला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "पिशव्या घेतल्यास, तुजी हौस, तुजं पैसं. लुगडी कापलीस, तुला ठावं नव्हतं. पर हिचं नाव का घ्येतलंस, वैजू?"

 रत्नम्मा केव्हाच स्वयंपाकघरात निघून गेली होती. भांड्यांचा आवाज येत होता.

"माज्याकडं काय बघतीयास? जा तिच्याकडं."

वैजयंती उठली. ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. रत्नम्मा कढई घासत होती, कोपरापर्यंत फेस. वैजयंतीनं हात जोडले, आणि माफी मागायच्या आधी तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तू हो का म्हणालीस गं? खरं सांगायचं होतंस की."

रत्नम्मानं कढई फिरवून दुसऱ्या बाजूनं घासायला घेतली.

"सवय आहे, ताई. हो म्हटलं की दोन शब्द बोलतात आणि मिटतंय. नाही म्हटलं की पिशवी उपडी करून दाखवावी लागते."

"कुठं? कुणाच्या घरी?" वैजयंतीनं विचारलं. तिला त्या घरच्या बाईचा रागच आला एकदम.

रत्नम्मानं नळ सोडला. "सगळीकडंच की. इथं पण एकदाच. साहेबांचं घड्याळ सापडेना, तेव्हा. तुम्ही म्हटला, रागावू नको हं रत्नम्मा, नुसतं बघते. डबा, साडी, दिव्याच्या पाच-सहा वाती, सगळं काढून ठेवलं ना मी इथं ओट्यावर."

वैजयंती आठवायचा प्रयत्न करत उभी राहिली. तिला तो दिवस आठवेना. घड्याळ पुढं कुठं सापडलं, तेही आठवेना.