सोबत कोणी नाही

"स्प्रे कडू लागेल, पण गिळून टाका. घसा बधिर होईल," मी म्हणाले, फाइलवरून नजर उचलली आणि माझीच वाचा बसली. स्टुलावर तोंड उघडून बसलेला पेशंट माझा दादा होता.

सहा वर्षं आमचं बोलणं नव्हतं. आई गेली तेव्हा मी ड्युटीवर होते. सगळ्यांदेखत तो म्हणाला होता, "लोकांच्या आया सांभाळ तू. माझी तू कोणी नाहीस." मीही काही कमी नव्हते, तोंडाला येईल ते बोलून बसले. आता टोपी आणि मास्कमधून माझे फक्त डोळे दिसत होते. त्याने ओळखलं नाही, असं मी धरून चालले.

"भुलीचं इंजेक्शन नको?" डॉक्टरांनी विचारलं.

"सोबत कोणी नाही. भूल दिली की एकट्याला सोडत नाहीत म्हणे."

हा माणूस दात घासताना एवढ्या ओकाऱ्या काढायचा, की शेजाऱ्यांना घड्याळ लागत नसे. आणि आता करंगळीएवढी जाड नळी जागेपणी गिळायला निघाला होता.

मी त्याला डाव्या कुशीवर वळवलं, दातांमध्ये माउथपीस बसवला, गालाखाली टॉवेल सरकवला. नळी जिभेमागे गेली आणि त्याचं अख्खं अंग उसळलं. एरवी अशा वेळी माझी टकळी चालू असते, "लाळ वाहू द्या, नाकाने श्वास घ्या, झालंच." त्या दिवशी शब्द फुटेना. मी नुसता त्याचा हात धरला. त्याने माझी बोटं अशी आवळली, की ती कळ अजूनही भांडी घासताना मध्येच उठते. मी ठरवलं, नळी निघाली की मास्क खाली ओढायचा आणि त्याला हाक मारायची.

मग स्क्रीनवर ते दिसलं. जठराच्या वळणावर कडा उचललेली, रक्त झिरपणारी जखम. बावीस वर्षं हेच बघत आलेय मी. डॉक्टरांनी तुकडा घ्यायचा चिमटा मागितला, त्याआधीच मला कळलं होतं.

दादा उठून बसला, तोंड पुसलं. "सिस्टर, सगळं ठीक ना?" बधिर जिभेने तो कसाबसा म्हणाला.

मास्क काढला असता, तर माझ्या चेहऱ्यानेच सांगून टाकलं असतं.

"डॉक्टर सांगतील," मी म्हणाले आणि नळी धुवायला निघून गेले.

चार महिन्यांनी तो गेला. मी घरी गेले, तर वहिनी दारातच गळ्यात पडली.

"त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, वन्सं. मला न सांगताच गेले होते तपासायला. घरी येऊन म्हणाले, चिमी होती तिथे. एवढी बडबडी पोरगी, पण हात धरून गप्प उभी होती. म्हणजे काही खरं नाही माझं."

मला वाटत होतं, मी लपवलं.

"मग त्याने फोन का नाही केला?"

"मी म्हणायचे ना, करा म्हणून. तर म्हणायचे, करेल ती. तिला माहीत आहे."

वहिनीने पाणी आणून दिलं. घोट काही केल्या घशाखाली उतरेना.