अंगाबरोबर बसणारे बूट

"दुखलं की थांबायचं, वन्सं," वहिनीने धावण्याच्या पहिल्याच सकाळी नणंदेला बजावलं होतं. वन्संनी ते कानाआड केलं. जन्म शिवणकामात गेलेला, म्हणून धावायचे बूटही त्यांनी कपड्यांसारखे अंगाबरोबर बसणारे घेतले. पंधरवड्यातच अंगठ्याचं नख काळं पडलं आणि त्याखालून पू येऊ लागला. डॉक्टरांनी धावणं बंद केलं.

आता पट्टी सोडली की पुवाच्या वासाने त्या स्वतःच तोंड फिरवायच्या. जांभळ्या सुजेवर पिवळट लस चिकटलेली.

"शी, हा काय पाय आहे," त्या पुटपुटल्या.

छातीच्या ऑपरेशननंतर त्यांचा भाऊ, दादा, घराबाहेर पडायला घाबरायचा. "रोज बरोबर येईन," असा शब्द वन्संनी दिला, तेव्हा कुठे तो मैदानाच्या कडेने चालू लागला. त्या धावायच्या, तो चालायचा. आता तो पुन्हा पांघरुणात शिरला होता.

"नख यांचं दुखतं आणि लोळत तुम्ही पडता," वहिनी नवऱ्याला म्हणाली.

"बहिणीच्या नखासाठी मी चालण्याचा उपास धरलाय," दादा आतून म्हणाला.

वन्संना हसू आलं नाही. जगाची मापं घेणाऱ्या बाईला स्वतःचा पाय मोजता आला नाही, याचीच त्यांना शिसारी आली. आणि डॉक्टरांनी बंद केलं होतं ते धावणं, चालणं नव्हे.

त्यांनी स्वच्छ पट्टी बांधली, वहिनीची पुढून उघडी, सैल चप्पल पायात सरकवली, आणि दादाची काठी घेऊन त्याच्या खोलीकडे लंगडत निघाल्या.