दोन डाव्या बाह्या

लग्नानंतर पहिल्याच वर्षी धाकट्या सुनेनं घरच्या शिवणाच्या दुकानात एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्याच बेतल्या. सासूबाईंनी गिऱ्हाइकाला तसंच नवं कापड आणून दिलं आणि वर एवढंच म्हणाल्या, "दोन डाव्या हातांचं गिऱ्हाईक आता कुठून शोधू गं मी?" सगळं घर हसलं. धाकटीही हसली, पण कात्री खाली ठेवली ती ठेवलीच. तेव्हापासून काजं, बटणं, तुरपाई. कुणी बेतायला सांगितलं की हिचं ठरलेलं, "माझा हात नाही हो तसला."

आता सासूबाईंचा खांदा धरला होता. सोमवारपासून दुकानात बाहेरचा कारागीर येणार, आणि तो आला की बेतायचं टेबल त्याचं. ते टेबल धाकटीला हवं होतं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

एक शर्ट अडला होता. समोरच्या गल्लीतल्या मुलीचा, नोकरीच्या पहिल्या दिवसासाठी. बारीक ठिपक्यांचं कापड, ठिपके फक्त सुलट बाजूला.

"परत करू तिला," सासूबाई म्हणाल्या.

"मी बेतते."

बोलून गेल्यावर धाकटीच दचकली. सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "या खेपेला दोन उजव्या का?"

"झाल्या तर तुमच्या कारागिराला आल्या आल्या काम!"

पाठ निघाली, पुढचे भाग निघाले. उरलेलं कापड अरुंद, दुहेरी घालून दोन्ही बाह्या एकदम कापायला पुरेना. बाह्या एकेक बेतायच्या. मागे घात झाला तो इथंच. पहिली नीट निघाली. दुसरीसाठी खडू उचलला आणि हात अडला. 'माझा हात नाही' ओठांपर्यंत आलं. तिनं खडू ठेवला आणि खरोखरच आपल्या हातांकडे पाहिलं. डावा तळवा उजव्यावर टेकवला. बोटाला बोट जुळलं, अंगठ्याला अंगठा.

"अस्सं होय," ती पुटपुटली.

बेतलेली बाही तिनं तशीच कापडावर पालथी घातली, ठिपक्यांवर ठिपके. भोवती खडू फिरवला, कात्री चालवली.

सासूबाईंनी दोन्ही बाह्या उलटसुलट करून पाहिल्या. खोड काढायला काही सापडेना.

"कारागिराला नको म्हणून कळवा," धाकटी म्हणाली.

"आणि माझा खांदा बरा झाला म्हणजे?"

"मग तुम्ही काजं करा."

सासूबाई खांदा धरून हसल्या, आणि फोन कुठे ठेवलाय ते शोधू लागल्या.