बिब्ब्याने काळवंडलेली सुई

"पोरीने पथ्य मोडून आंबट खाल्ले, म्हणून बिब्बा उतला, कान जुळवणाऱ्याच्या हाताचा यात काही दोष नाही," असा निवाडा आमच्या गावच्या पंचांनी चावडीवर दिला. मित्रांनो, वाक्य सुबक आहे. त्यात अपराध आहे, कारण आहे आणि निर्दोष मुक्तताही आहे. नाही तो फक्त त्या पोरीचा, कमळचा, उजवा कान. त्याची पाळी सडून गळून पडली, आणि पंचांच्या तर्कशास्त्रात ती कुठेच बसली नाही.

मी एक जुनी सुई आहे. ज्या सुईने ते काम झाले तीच मी. निवाड्याच्या दिवशी मी कान जुळवणाऱ्या कुशाबाच्या पागोट्यात खोचलेली होते. पंचांनी कमळच्या जिभेची चौकशी केली. माझ्या टोकाकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही. म्हणून आता माझे चरित्र ऐका.

मुळशीच्या खोऱ्यात भिकूशेट सोनारांच्या हाताखाली माझे तारुण्य गेले. तान्ह्या बाळांचे कान मी टोचत असे. शेटजी आधी दोन्ही पाळ्यांवर कुंकवाचे ठिपके देत, मग मागे सरून समोरून पाहत. एक ठिपका केसभर जरी खाली वाटला, तरी पुसून पुन्हा देत. मला ज्योतीवर धरत, हळदीच्या तेलात बुडवत, आणि काम झाले की पोथीच्या लाल रुमालात टोचून ठेवत. संध्याकाळी ते पोथी वाचत. माझ्याजवळ जी काही चार अक्षरे आहेत, ती त्या रुमालातून झिरपलेली आहेत. आयांनी त्या काळी मला दुवा दिला. तो मी विसरले नाही. पण पुढच्या धन्याने त्या दुव्याची राख केली.

शेटजी वारले आणि त्यांच्या हत्यारांबरोबर मी कुशाबाच्या हाती लागले. गावात पहिली एसटी आली त्याच सुमाराची ही गोष्ट. कुशाबा कान टोचत नसे. दागिन्याच्या भाराने भोक लांबून ओघळलेले कान 'जुळवत' असे. त्याची विद्या सांगते, किळस आली तर येऊ द्या, ती यावी म्हणूनच सांगते. ओघळलेल्या भोकाच्या कडा तो माझ्या टोकाने खरवडून लाल करी. मग मलाच बिब्ब्यात खुपसून दिव्यावर धरी. बिब्बा तडतडला की काळे, दाहक तेल गळे. ते त्या ओल्या कडांना माखायचे आणि वरून दोऱ्याने करकचून बांधायचे. कातडी भाजते, भाजलेली कडा कडेला चिकटते, आणि या चिकटण्याला तो 'गुण आला' म्हणे. पुढच्या कानात शिरण्याआधी माझी शुद्धी होई ती त्याच्या धोतराच्या सोग्यावर. आदल्या बाईचा पू तिथे वाळलेला असे. पोथीच्या रुमालातून मी त्या सोग्यावर आले, मित्रांनो. अधःपात हा शब्द मी पूर्वी नुसता ऐकला होता.

आणि गिऱ्हाईक बिचकले, की कुशाबा आपल्या लेकीला, सोनीला, हाक मारी. सोनी मुकाट्याने येऊन मान वळवी. "बगा, हिचा बी कान असाच फाटाय आला व्हता. हाय का काय खूण? ह्यो माजा हात!" सोनीचा कान खरोखरच सुरेख होता. पण त्या कानाला माझा स्पर्श कधीही झालेला नव्हता.

कमळचा कान ओघळला कसा, तेही शहाणपणाचेच फळ. तिच्या घरी आईच्या आजेसासूच्या काळातले जड झुबे होते. झुब्याचा भार केसांत अडकवलेल्या सोन्याच्या वेलाने पेलायचा असतो. उजव्या झुब्याचा वेल ओढ्यात धुणे धुताना हरवला. झुबा काढून ठेवला तर घराण्याची शोभा जाईल, म्हणून पोरीने तो दर सणाला वेलाशिवायच मिरवावा असे ठरले. डावा कान नीट राहिला. उजव्याचे भोक खाली खाली उतरत कडेला टेकले. मग रत्नाबाई सोयरीक घेऊन आल्या. त्यांनी मुलगी पसंत केली, झुब्यांचे वजन हातावर जोखले आणि म्हणाल्या, "इहीणबाई, कान तेवढे सारके करा. येका कानाची सून आमच्या दारात न्हाई चालायची."

कमळची आई धोंडाबाई लेकीला कुशाबाकडे घेऊन आली. सोनीचा कान पाहिला आणि तिने होकार दिला. कमळ ओरडली तेव्हा कुशाबा म्हणाला, "लगीन करायचंय आन् येवढं बी सोसवंना व्हय गं?" तिने आईचा पदर मुठीत धरला. चार दिवसांत बिब्बा उतला, गालापर्यंत फोड आले, पिवळे पाणी सुटले, घरात वास भरला. दोऱ्याबरोबर पाळीही हातात आली. रत्नाबाईंनी निरोप धाडला: आंबट खाऊन स्वतःचा कान घालवणारी पोर आम्हांला नको. पथ्याची ही कथा त्यांच्या कानी कोणी घातली, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून धोंडाबाई चावडीवर उभी राहिली होती. कान परत येणार नाही, हे तिला कळत होते. पण अपराध कमळच्या माथी कायमचा बसू नये, एवढेच तिला हवे होते.

सरपंच हैबतराव निवाडा सांगून उठू लागले. धोंडाबाई जागची हलली नाही.

"सरपंच, मला येकच इचारायचंय."

"आता काय ऱ्हायलं, धोंडाबाई? निकाल झाला."

"पोरीनं चिंच खाल्ली न्हाई. पर ऱ्हाऊ द्या ते." ती कुशाबाकडे वळली. "काल नदीवर तुजी सोनी माज्या शेजारी केस धूत व्हती. तिच्या कानामागं बारीक ठिपकं हायेत, वळीनं, गोधडीला असत्यात तसं. बिब्ब्याला टाकं कवापासनं पडाय लागलं, कुशाबा?"

कोणीतरी हसले आणि लगेच थांबले.

"वैनी, उगा कायबाय बोलू नगा. जुनं हाय ते."

"मंग सोनीलाच बोलवू? तिच्या तोंडनंच ऐकू."

"पोरीला मदी आनू नगा!"

"माजी आनली व्हतीस की."

हैबतराव पुन्हा खाली बसले. "कुशाबा, सांग. त्या पोरीचा कान कुनी जुळवला?"

कुशाबाने पागोटे काढून मांडीवर ठेवले. मी त्यातच खोचलेली होते.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या अखेरीस उपदेश करायची रीत आहे. तो मी इथेच उरकते, कारण शेवटचा शब्द माझा नाही. मला धुवा, उकळा, नाहीतर मोडून टाका. पण एका कानातून पुशीत पुशीत दुसऱ्या कानात घालू नका. ज्याचा भार पेलायला वेल उरला नाही, तो झुबा पेटीत ठेवा. शोभा पेटीत सडत नाही, कान सडतो. आणि कोणी बरा झालेला कान दाखवून तुमचा कान मागू लागला, तर तो बरा कोणी केला, हे आधी विचारा. धोंडाबाईने विचारले, दुर्दैवाने उशिरा विचारले. कुशाबाने भर चावडीत दिलेले उत्तर मी जसेच्या तसे ठेवते:

"सोनीला म्या पुन्याला दवाखान्यात नेऊन टाकं घालून आनलं. पोटच्या पोरीला बिब्बा कसा लावू? त्यो कसा उततुया, ते मला ठावं हाय."