बिनदारांची कपाटं

ज्यू समाजाच्या संस्थेतर्फे मी आत्याला शाळाशाळांत नेते. लहानपणी, युरोपातल्या महायुद्धात, सैनिक घरात घुसले तेव्हा कपाटात लपून ती कशी वाचली, हे ती हसतखेळत सांगते. मुलं टाळ्या पिटतात, मुख्याध्यापक जिद्दीवर भाषण ठोकतात. माझं डोकं उठतं.

तिच्या घरात मात्र एकाही कपाटाला दार नाही. कपड्यांवर, ताटांवर नुसती धूळ. शेवटी काल मी सुताराला घेऊनच गेले. आत्या हात पसरून कपाटासमोर उभी राहिली.

"अगं आत्या, किती धूळ बसते!"

"बसू दे. दारं लावलीस तर माझी धाकटी बहीण बाहेर कशी येणार?"

सुतार माझ्याकडे बघायला लागला. शंभरदा ऐकलेल्या त्या गोष्टीत आत्या कपाटात एकटीच असायची.